डागडुजी

माणसाचे हत्यार आणि त्याचा संसार यांचे नाते फार जवळचे असते. सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री, शेतकऱ्याचा नांगर यांपैकी काहीही बिघडले, तरी केवळ एक वस्तू बिघडली असे होत नाही. 'आज चूल कशी पेटणार?' हा प्रश्नही तिच्यामागोमाग दारात येऊन उभा राहतो. मग मनात दोन विचारांचे द्वंद्व सुरू होते. एक म्हणतो, 'जुने आहे, पण आपले आहे. दुरुस्त करून वापरावे.' दुसरा म्हणतो, 'एकदा बिघडलेले पुन्हा बिघडणारच; त्यापेक्षा नवे घ्यावे.' दोन्ही विचारांत तथ्य असते, म्हणूनच निवड करणे कठीण जाते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील एका छायाचित्रकाराच्या घरी हाच प्रश्न एकदा उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधण्यात सारे घर गुंतून गेले.

हा छायाचित्रकार 'बीबी का मकबरा' या प्रसिद्ध वास्तूच्या आवारात प्रवाशांची छायाचित्रे काढून देई. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम १६५७ साली मरण पावली. तिच्या स्मरणार्थ उभारलेली ही वास्तू पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. घुमट संगमरवरी, भिंतींचा बराच भाग चुन्याच्या नाजूक गिलाव्याचा, समोर कारंज्यांची रांग आणि मागे डोंगर. प्रवाशांना कोठे उभे केले म्हणजे घुमट त्यांच्या मागे बरोबर मध्यभागी येतो, कोणत्या प्रहरी उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत नाही, हे त्याला इतक्या वर्षांत पाठ झाले होते. छायाचित्र काढावे, जवळच्या छोट्या यंत्रावर ते तेथल्या तेथे छापावे आणि शंभर रुपयांना द्यावे, असा त्याचा क्रम होता. हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला होता आणि गिऱ्हाईक कमी झाले होते. तरीही म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन आलेली एखादी मंडळी, नवे लग्न झालेले एखादे जोडपे त्याच्याकडून आवर्जून छायाचित्र काढून घेई. त्याच मिळकतीवर घर चाले.

दिवाळीची सुटी पंधरा दिवसांवर आली होती. वर्षातील सर्वांत चांगल्या कमाईचे ते दिवस. अशातच एका दुपारी त्याने टिपलेल्या छायाचित्रात खालच्या बाजूला एक काळी पट्टी उमटली. त्याने पुन्हा छायाचित्र घेतले, पट्टी होतीच. तिसऱ्या खेपेस ती थोडी अधिकच रुंद झाली. समोर उभे असलेले कुटुंब पाच मिनिटे थांबले, दहा मिनिटे थांबले आणि अखेर "राहू द्या आता," असे म्हणून निघून गेले. छायाचित्रकाराने कॅमेरा पिशवीत ठेवला. त्या दिवशी तो सूर्य मावळण्याच्या आधीच घरी परतला.

घरी येताना तो एका मोठ्या दुकानात शिरला. तेथील विक्रेत्याने कॅमेरा वरवर पाहिला आणि हसून म्हटले, "दहा वर्षांचा झालाय हा. याच्यावर खर्च करणं म्हणजे पैसे पाण्यात. नवा घ्या, बावन्न हजारांचा आहे. जुन्याचे चार हजार वजा करतो, बाकीचे हप्त्यानं द्या." घरात शिल्लक होती सव्वीस हजारांची. त्यांपैकी पंधरा हजार थोरल्या मुलाच्या तंत्रनिकेतनाच्या फीसाठी राखून ठेवलेले होते.

रात्री जेवणे झाल्यावर घरात विचारविनिमय झाला. थोरल्या मुलाचे मत नव्या कॅमेऱ्याच्या बाजूचे होते. "माझी फी मी कुठंतरी काम करून भरीन," असेही तो म्हणाला. वडिलांना ते मानवेना. आजी एका कोपऱ्यात वाती वळत बसली होती. गेल्याच वर्षी घाटी रुग्णालयात तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. ती म्हणाली, "अरे, माझ्या डोळ्याचं भिंग खराब झालं, तेव्हा डॉक्टरांनी तेवढं भिंगच बदललं ना? सगळा डोळा जुना झाला, असं काही ते म्हणाले नाहीत."

सगळे हसले. पण सातवीत शिकणारी धाकटी मुलगी हसली नाही. तिने विचारले, "बाबा, पण आजीच्या डोळ्यात काय बिघडलंय, हे डॉक्टरांनी आधी तपासलं होतं. आपल्या कॅमेऱ्यात नेमकं काय बिघडलंय?"

या प्रश्नाचे उत्तर घरात कोणाकडेच नव्हते. नवे घ्या म्हणणाऱ्या विक्रेत्याकडेही ते नव्हते. वास्तविक सगळ्या विचाराचा आरंभ येथूनच व्हावयास हवा होता.

जुन्या काळच्या यंत्रांचे एक बरे असे. त्यांचा बिघाड डोळ्यांना दिसे. याच शहरात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ प्रसिद्ध पाणचक्की आहे. दूरच्या डोंगराकडील पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून सोडले जाई. त्या पाण्याच्या जोराने खालचे चाक फिरे आणि चाकाबरोबर वरचे जाते फिरे. चक्की थांबली, तर पाणी आटले आहे, नळ फुटला आहे की चाकाचे पाते मोडले आहे, हे पाहून समजे. कॅमेऱ्याचे तसे नाही. तो सर्व बाजूंनी बंद असतो. त्याचा दोष त्याने काढलेल्या छायाचित्रावरूनच ओळखावा लागतो. त्यासाठी आत काय चालते, याची थोडी माहिती असावी लागते.

कॅमेऱ्याच्या तोंडाशी लेन्स असते. ती समोरच्या दृश्याचा प्रकाश गोळा करून आत पाठवते. आत एक पडदा असतो. त्याला शटर म्हणतात. कळ दाबली, की हा पडदा क्षणभर, कधी सेकंदाच्या शंभराव्या तर कधी हजाराव्या भागापुरता उघडतो आणि मिटतो. तेवढ्या अवधीत प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो. पूर्वी या जागी फिल्म असे आणि तिच्यावरील चांदीच्या क्षारांवर प्रकाशाचा परिणाम होई. सेन्सरवर प्रकाश टिपणारे लक्षावधी सूक्ष्म बिंदू असतात. प्रत्येक बिंदू आपल्यावर पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात विद्युतभार निर्माण करतो. तो भार मोजून आकड्यांत मांडला जातो आणि ते आकडे कार्डावर साठवले जातात. अशा प्रकारे प्रकाश टिपणारा एक महत्त्वाचा घटक १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधून काढला. या शोधाबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते आणि त्याच्या चित्रात अवघे १०,००० बिंदू होते. एक चित्र कॅसेटवर नोंदवण्यास त्याला २३ सेकंद लागत.

मुलीने वडिलांच्या मदतीने दुसऱ्या दिवशी एकेक गोष्ट तपासावयास घेतली. प्रथम कार्ड बदलून पाहिले. पट्टी तशीच राहिली. बॅटरी पूर्ण भरून पाहिली. फरक पडला नाही. शेजारच्या छायाचित्रकाराची लेन्स तासाभरासाठी मागून आणली. तरीही पट्टी गेली नाही. याचा अर्थ, दोष लेन्समध्ये नव्हता. तो कॅमेऱ्याच्या पोटातच होता. मग पडदा नादुरुस्त की सेन्सर? पडद्याचा खर्च आटोक्यातला होता. पण सेन्सर गेला असता, तर कॅमेऱ्याची आशाच सोडावी लागली असती.

थोडा वेळ विचार करून मुलीने कॅमेऱ्याने चलचित्र घेऊन पाहिले. त्या चलचित्रात काळी पट्टी नव्हती! अंगणातील तुळस, भिंत, आजीचे लुगडे, सारे वरपासून खालपर्यंत स्वच्छ दिसत होते. वडिलांच्या तत्काळ लक्षात आले. या कॅमेऱ्यात चलचित्र घेताना पडदा उघडाच राहतो. दर चित्रासाठी तो उघडझाप करीत नाही. म्हणजे सेन्सर धडधाकट होता. छायाचित्र घेताना पडदा नीट सरकत नव्हता आणि त्याचाच काही भाग काळी पट्टी होऊन चित्रात उमटत होता. नजरेआडचा रोग असा युक्तीने ओळखला गेला.

कॅमेरा दुरुस्तीस नेण्यापूर्वी वडिलांनी आणखी एक काम केले. कार्डावरील सारी छायाचित्रे त्यांनी दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून ठेवली. कॅमेरा दुरुस्त होऊ शकतो, तो नवाही घेता येतो. पण गेलेला क्षण पुन्हा टिपता येत नाही. या जिल्ह्याने हा धडा फार पूर्वीच घेतला आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार करण्यासाठी १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक केली. त्याने वर्षानुवर्षे लेण्यांत राहून मोठमोठी तैलचित्रे रंगवली आणि ती इंग्लंडला पाठवली. १८६६ च्या डिसेंबरात लंडनजवळील क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहाला आग लागली आणि तेथे लावलेली त्याची चित्रे जळून गेली. परंतु गिलला कॅमेऱ्याचाही छंद होता. त्याने काढलेली ७४ छायाचित्रे १८६४ सालीच एका ग्रंथात प्रसिद्ध झाली होती. एका चित्राच्या अनेक प्रती झाल्या होत्या, म्हणून त्याचे ते काम टिकले. जे पुन्हा मिळणार नाही, ते एकाच ठिकाणी ठेवू नये, हेच खरे.

पैठण गेटच्या बाजूला एका बोळात कॅमेरे दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर बसत. सारे त्यांना चाचा म्हणत. टेबलावर बारीक स्क्रू ठेवलेल्या डब्या, चिमटे, एक भिंग आणि वरून लोंबणारा दिवा, एवढाच त्यांचा पसारा. वडील व मुलगी तेथे पोहोचली, तेव्हा चाचा एका तरुणाला त्याचा छोटा कॅमेरा परत करीत होते. "बेटा, हा आता बरा होणार नाही," ते सांगत होते. "आत पाणी शिरलंय. मुख्य पट्टी गंजली आहे आणि याचे भाग कुठं मिळत नाहीत. मी तुझ्याकडून पैसे घेईन, पण कॅमेरा चालणार नाही. मात्र हा केराच्या पेटीत टाकू नकोस. ई-कचरा गोळा करतात तिथं दे."

चाचांचा हा सल्ला योग्यच होता. अशा यंत्रांत तांबे व थोडे सोने यांसारखे उपयोगी धातू असतात, तसेच माती-पाण्याला अपायकारक अशी द्रव्येही असतात. म्हणूनच १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी ई-कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

मुलीला मात्र आश्चर्य वाटले. दुरुस्तीवर पोट असलेला माणूस 'दुरुस्त होणार नाही' असे आपण होऊन सांगतो, हे तिला नवीन होते. यामुळे वडिलांचाही चाचांवर विश्वास बसला. त्यांनी आपला कॅमेरा पुढे केला. मुलीने काय काय तपासले, ते सांगितले. चाचांनी भुवया उंचावून तिच्याकडे पाहिले आणि म्हटले, "अर्धं काम तर हिनंच केलं!"

त्यांनी कॅमेरा संगणकाला जोडून आतापर्यंतच्या छायाचित्रांची संख्या पाहिली. ती १,३८,००० भरली. अशा कॅमेऱ्याच्या पडद्याकडून सामान्यतः एक लाखाच्या आसपास उघडझापांची अपेक्षा असते. तेव्हा पडदा अकाली मोडला नव्हता. आपले आयुष्य पुरे करूनच तो थकला होता. नवा पडदा मुंबईहून मागवावा लागणार होता. मजुरीसह खर्च सात हजार, मुदत आठ दिवस आणि तीन महिन्यांची लेखी हमी.

"मी घरीच उघडून पाहणार होतो," वडील म्हणाले. "म्हटलं, तेलाचा एक थेंब सोडावा."

चाचांनी कानाला हात लावला. "तेल पडद्यावरून सेन्सरवर गेलं असतं, म्हणजे जे चांगलं आहे तेही गेलं असतं. शिवाय फ्लॅशच्या भागात वीज साठलेली असते. बॅटरी काढली तरी जोराचा झटका बसतो. न कळणाऱ्यानं आत हात घालू नये."

चांगल्या हेतूने केलेला उपायही कसा अंगाशी येतो, याचे उदाहरण अजिंठ्यातच आहे. निजामाच्या राजवटीत, १९२० च्या सुमारास, इटलीहून तज्ज्ञ बोलावून तेथील सुटू लागलेला गिलावा पुन्हा भिंतीला पक्का करण्यात आला. ते काम मोलाचे होते. परंतु रक्षणासाठी चित्रांवर चढवलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे व काळपट पडले. मूळचे रंग त्याखाली झाकले गेले आणि पुरातत्त्व विभागाच्या रसायनतज्ज्ञांना ते थर फार जपून काढावे लागले. दुरुस्ती करणाऱ्याला वस्तूविषयी माया असून भागत नाही. वस्तूचे ज्ञानही असावे लागते.

त्या रात्री मुलीने वहीत हिशेब मांडला. चांगल्या दिवशी दहा छायाचित्रे विकली जात. त्यांचे हजार रुपये. कागद व शाई यांचे अडीचशे वजा जाता साडेसातशे उरत. म्हणजे दुरुस्तीचे सात हजार भरून निघण्यास नऊ-दहा चांगले दिवस पुरे होते. नव्या कॅमेऱ्याचे, जुन्याची किंमत वजा जाता, अठ्ठेचाळीस हजार फेडण्यास चौसष्ट चांगले दिवस लागले असते, आणि तेही घरखर्चाला एक पैसा न घेता. मंदीच्या दिवसांत तर दोन-तीनच छायाचित्रे विकली जात. पण हप्ता मात्र मंदी पाहून थांबत नाही.

"पण पुढच्या वर्षी दुसरंच काही बिघडलं तर?" थोरल्याने विचारले. त्याची शंका चुकीची नव्हती. दहा वर्षांच्या यंत्रात आज पडदा बदलला, तरी उद्या आरसा किंवा एखादे बटण कुरकुरणार नाही, असे कोण सांगू शकतो? त्यावर बराच वेळ बोलणे झाले. शेवटी वडिलांनी निर्णय दिला. कॅमेरा दुरुस्त करावयाचा. पण 'आता काळजी मिटली' असे मानावयाचे नाही. दुरुस्तीमुळे जो अवधी मिळेल, त्यात रोज थोडी रक्कम बाजूला टाकावयाची. पुन्हा एखादा मोठा बिघाड झाला आणि त्याचा खर्च कॅमेऱ्याच्या त्या वेळच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक येऊ लागला, तर मात्र मोह न धरता नवा घ्यावयाचा. थोरल्याला हे पटले. फीच्या पैशांना हात लागला नाही.

असा विचार हल्ली जगभर होऊ लागला आहे. पुष्कळ यंत्रे अशी बांधलेली असतात, की ती उघडणेच दुष्कर. काहींचे सुटे भाग थोड्याच वर्षांत मिळेनासे होतात. मग चांगली वस्तूही एका लहानशा भागाअभावी टाकून द्यावी लागते. म्हणून ग्राहकाला दुरुस्तीची माहिती व सुटे भाग मिळावेत, अशी मागणी अनेक देशांत पुढे आली. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'चा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले. मात्र हक्क मिळाला, तरी त्याचा उपयोग करण्यासाठी चाचांसारखे जाणते हात आणि 'नेमके काय बिघडले?' असे विचारणारी जिज्ञासा यांची गरज राहणारच.

नवव्या दिवशी कॅमेरा घरी आला. वडिलांनी कळ दाबली. पडद्याचा स्वच्छ, कोरडा आवाज झाला आणि चित्र वरपासून खालपर्यंत उजळ उमटले. दिवाळीच्या सुटीत मकबऱ्यावर गर्दी लोटली आणि दुरुस्तीचा खर्च त्या सुटीतच निघाला. मुलीने वहीत एक नवे पान उघडले. त्यावर तिने दोन रकाने आखले. एकात नव्या पडद्याने टिपलेल्या छायाचित्रांची संख्या, दुसऱ्यात नव्या कॅमेऱ्यासाठी साठवलेली रक्कम. पहिल्या रकान्यातील आकडा वाढत जाणार, म्हणजे पडद्याचे आयुष्य कमी होत जाणार, हे तिला ठाऊक होते. म्हणूनच दुसऱ्या रकान्यातील आकडाही वाढता राहील, याकडे ती लक्ष देऊ लागली.

कोणतीही दुरुस्ती वस्तूला अमर करीत नाही. ती आपल्याला थोडा वेळ मिळवून देते. तो वेळ निष्काळजीपणात घालवला, तर पुढच्या बिघाडाच्या दिवशी माणूस पुन्हा होता तेथेच उभा असतो. तयारीत घालवला, तर त्या दिवशी त्याला विक्रेत्याच्या दारात हतबल होऊन उभे राहावे लागत नाही.